आलेख खोटा निघतो तेव्हा

१९८६पासून वापरात असलेल्या ग्नूप्लॉट या मोफत आलेख-प्रणालीला साइन(३१क्ष) काढायला सांगा. क्ष उणे १० ते १०, नमुनाबिंदू १००. पडद्यावर डावीकडून उजवीकडे चढत जाणारी एकच गुळगुळीत रेघ उमटते. एवढ्या अंतरात खरं तर जवळजवळ ९९ लाटा असायला हव्यात! चूक झाल्याचा संदेश नाही, साधा इशाराही नाही.

संगणकाला वक्र ठाऊकच नसतो. तो ठरावीक बिंदूंपाशी किंमत काढतो आणि ते बिंदू सरळ रेषांनी जोडत जातो. इथे दर दोन बिंदूंमधून जवळपास अख्खी लाट निसटते. प्रत्येक बिंदू अचूक, चित्र मात्र साफ खोटं. नमुनाबिंदू २,००० केले की लाटा दिसू लागतात. टॅनच्या आलेखात ९० अंशांपाशी दिसणारी उभी रेघ हीदेखील याच जोडाजोडीची करामत. अलीकडचा बिंदू खूप वर, पलीकडचा खूप खाली, म्हणून मध्ये रेघ. फलनात ती नाहीच, पण मुलं ती इमानेइतबारे वहीत उतरवतात.

घनमुळाची गंमत वेगळी. क्षचा घात (१/३) असं लिहिलं, तर ग्नूप्लॉट १ या उंचीवर आडवी रेघ ओढतो. १ आणि ३ दोन्ही पूर्णांक, म्हणून भागाकारही पूर्णांकात. उत्तर ०, आणि शून्यावा घात १. त्याऐवजी १.०/३ लिहा, वक्र येईल, पण फक्त उजवा अर्धा. ऋण संख्येच्या अशा घाताचं उत्तर ही प्रणाली संमिश्र संख्येत काढते, आणि ते आलेखावर बसत नाही. चिन्ह बाजूला काढून घनमूळ घेतलं आणि मग चिन्ह परत लावलं, की डावी बाजूही उगवते.

अतिसूक्ष्म किंमतींना आणखी एक धोका असतो. (१ − कोसाइन क्ष) भागिले क्षचा वर्ग, ही राशी शून्याजवळ ०.५कडे जाते. पण क्ष एक अब्जांश घेतला, तर संगणक ० सांगतो. त्याच्याकडे सुमारे १६ अंकांचीच जागा असते. तेवढ्यात कोसाइन नेमका १ ठरतो आणि वजाबाकीत काही उरत नाही.

कंस सुटला, चलाचं नाव चुकलं, तर प्रणाली स्वतःच ओरडते. त्या चुका किरकोळ. न ओरडता आलेला आलेख तपासायला हवा. आधी नमुनाबिंदू दुप्पट करा, मग क्षची व्याप्ती थोडी सरकवा. ओळखीच्या भागाचा आकार बदलला, तर त्या चित्रावर विसंबू नका. तो बदलला नाही, तरी दोनचार किंमती हातानं काढून पाहाच.