छर्र्यांऐवजी निमुळते रोलर

धुळ्याच्या दक्षिणेस, लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी आग्रा रस्ता जेथे घाटातून वळतो, तेथे जळगावची केळी लादलेल्या १९५०च्या सुमाराच्या शेव्हरोले पिकअपच्या पुढील चाकांवर मालाच्या भाराबरोबर वळणाचा आडवा रेटाही येतो. आणि मूळच्या बेअरिंगमधील छर्रे कड्याला जवळजवळ बिंदुमात्र स्पर्श करीत असल्याने तो ताण तेथेच एकवटतो व कड्याचे खवले निघू लागतात. सेंट लुईचा बग्ग्या बनविणारा हेन्री टिमकेन, ज्याच्या निमुळत्या रोलरला १८९८ साली पेटंट मिळाले, त्याने घोडागाड्यांसाठी केलेली ही तजवीज रेषेने टेकते व तिरपी बसून दोन्ही भार पेलते. बदल करताना नट आवळावा, चाक फिरवावे आणि मग नट किंचित सैल सोडूनच कॉटर पिन घालावी. अतिरिक्त आवळण्याचा उत्साह (आणि तो मिस्त्र्यांत मुबलक असतो) बेअरिंग तापवून ग्रीस वितळवतो.