परिचारिका अभ्यासक्रमापूर्वीचे लसीकरण : खर्च किती आणि कोणाचा?

बारावीचा निकाल लागून परिचारिका अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्याचे पत्र ज्या दिवशी घरी येते, त्या दिवशी त्या घरातील आनंद काही निराळाच असतो. मुलगी शिकून स्वतःच्या पायांवर उभी राहणार, चार माणसांच्या उपयोगी पडणार, हे समाधान थोडेथोडके नव्हे. परंतु त्या पत्रासोबत जोडलेल्या कागदांत एक तक्ता असतो. ब प्रकारची कावीळ, धनुर्वात, गोवर व रुबेला, कांजिण्या अशी रोगांची नावे, प्रत्येक नावापुढे लस टोचल्याची तारीख लिहिण्यास रिकामी जागा आणि तळाशी वैद्यकीय अधिकाऱ्याची सही व शिक्का. प्रवेश शुल्क, गणवेश, पुस्तके आणि वसतिगृहाची अनामत यांची तजवीज करता करता मेटाकुटीस आलेल्या सत्तरी किंवा काणकोणमधील एखाद्या कुटुंबास हा तक्ता म्हणजे नवा भुर्दंड वाटतो. मग कोणी शेजारी सांगतो, खाजगी दवाखान्यात जाऊन सगळ्या लसी एकदम टोचून घ्या. कोणी सुचवितो, ओळखीच्या डॉक्टरांकडून नुसता दाखला आणा. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पहिल्यात पैसा विनाकारण जातो, दुसऱ्यात मुलीचे आरोग्यच पणास लागते.

या लसी मागितल्या जातात त्यामागील कारण प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. परिचारिका अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी केवळ वर्गात बसून शिकत नाही. पहिल्या वर्षापासूनच तिला इस्पितळाच्या वॉर्डात उभे राहावे लागते. रक्ताचे नमुने घेणे, जखमा धुणे, वापरलेल्या सुया गोळा करणे ही कामे तिला नवखेपणीच करावी लागतात, आणि सुई बोटात शिरण्याचे प्रसंग नवखेपणीच अधिक घडतात. आपल्या देशात दर शंभरांपैकी सुमारे दोन ते चार व्यक्तींच्या रक्तात ब कावीळीचे विषाणू दीर्घकाळ वास करून असतात आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. अशा रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या व्यक्तीस टोचली, तर रोग जडण्याचा संभव शंभरात सहा ते तीस इतका असतो. तुलनेने पाहावयाचे झाल्यास क प्रकारच्या कावीळीच्या बाबतीत तो शंभरात सुमारे दोन आणि ज्या एड्सच्या विषाणूचे सर्वांनाच भय वाटते त्याच्या बाबतीत हजारात सुमारे तीन एवढाच आहे. शिवाय ब कावीळीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्ताच्या डागातही, सात दिवस जिवंत राहू शकतो. पुढे यकृत आकसणे व यकृताचा कर्करोग होणे हे या रोगाचे दूरवरचे परिणाम होत.

गोवर, रुबेला आणि कांजिण्या यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे विद्यार्थिनीइतकाच रुग्णाचाही विचार असतो. प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या मुलीस रुबेला झाला, तर तिच्या हातून तो एखाद्या गर्भवतीस लागू शकतो आणि जन्मास येणाऱ्या बालकाच्या डोळ्यांवर, कानांवर व हृदयावर त्याचा आघात होऊ शकतो.

आता खर्चाकडे वळू. ब कावीळीवरील लस एके काळी खरोखरच सामान्यांच्या आवाक्याबाहेरची होती. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लमबर्ग यांनी १९६० नंतरच्या दशकात या विषाणूचा माग काढला व त्या कार्याबद्दल त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहिली लस १९८१ साली अमेरिकेत मान्यता पावली. ती दात्यांच्या रक्तद्रवापासून तयार होत असे. यीस्टच्या साहाय्याने बनविलेली लस १९८६ साली आली. भारतात मात्र ती परदेशातून येई आणि एकेका मात्रेस शेकडो रुपये मोजावे लागत. १९९७ साली हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या संस्थेने ही लस देशातच तयार करून बाजारात आणली, पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह इतरही उत्पादक पुढे आले आणि किंमत झपाट्याने खाली आली. म्हणूनच आज प्रवेशाच्या तक्त्यातील सर्वांत महत्त्वाची लस ही सर्वांत महाग लस राहिलेली नाही. खिशास खरी चाट बसते ती कांजिण्यांच्या लसीने. तिच्या एका मात्रेस खाजगी दवाखान्यात दोन हजार रुपयांच्या आसपास पडतात आणि मात्रा दोन घ्याव्या लागतात.

परंतु पाकिटात हात घालण्यापूर्वी घरातील जुनी ट्रंक उघडणे श्रेयस्कर. मुलीच्या जन्मानंतर मिळालेली लसीकरणाची पत्रिका सापडली, तर तक्त्यातील निम्म्या रकान्यांचे उत्तर बहुधा तीतच असते. यंदा प्रवेश घेणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थिनींचे जन्मसाल २००७-०८ च्या सुमाराचे. त्यांना बालपणी गोवराची लस मिळाली असण्याचा संभव मोठा आहे. शिवाय फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवा, कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी व लक्षद्वीप येथे गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, तेव्हा नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलांना ही लस विनामूल्य टोचण्यात आली. ही मुले त्या वेळी प्राथमिक शाळेत होती आणि शाळेतच रांगा लावून त्यांनी ती घेतली. त्या वेळचे कार्ड जपून ठेवले असेल, तर तोच पुरावा. नसेल, तर शाळेकडे किंवा आपल्या भागातील आरोग्य केंद्राकडे नोंद आहे काय, याची चौकशी करावी. मुख्याध्यापकांनी व अंगणवाडी सेविकांनी या कामी थोडे साह्य केले, तर एखाद्या कुटुंबाचा मोठा खर्च वाचेल.

धनुर्वाताच्या बाबतीतही तसेच. दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यावयाची ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य असून, २०१९ पासून तिच्यात घटसर्पावरील अंशही समाविष्ट आहे. सोळाव्या वर्षीची मात्रा घेतलेल्या मुलीस प्रवेशाच्या वेळी ती पुन्हा विकत घेण्याचे सामान्यतः कारण नाही. ती मात्रा चुकली असल्यास प्रथम आरोग्य केंद्रातच विचारावे.

ब कावीळीच्या बाबतीत मात्र गृहीत धरून चालू नये. ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात २००२-०३ साली काही शहरांत व जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात, २००७-०८ पासून दहा राज्यांत आणि २०११ पासून देशभर देण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे आज सतरा-अठरा वर्षांच्या असलेल्या पिढीतील काहींना ती मिळाली, काहींना मिळाली नाही. पत्रिकेत स्पष्ट नोंद असेल तरच ती मिळाली असे समजावे. एक किंवा दोनच मात्रांची नोंद सापडली, तरी हताश होण्याचे कारण नाही. मध्ये कितीही काळ गेला असला, तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही; राहिलेल्या मात्रा तेवढ्या पूर्ण करावयाच्या असतात. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येक कुटुंबे पुन्हा तीनही मात्रांचे पैसे मोजतात.

क्षयरोगावरील बी. सी. जी. विषयीही असाच गैरसमज आढळतो. लहानपणी घेतलेली बी. सी. जी. प्रवेशासाठी पुन्हा टोचून घेण्याची सर्वसाधारणपणे आवश्यकता नसते. संस्थेला हवा असतो तो छातीचा क्ष-किरण फोटो किंवा त्वचेवरील चाचणीचा निष्कर्ष, आणि ही तपासणी शासकीय इस्पितळात अल्प खर्चात होऊ शकते.

एवढे झाल्यावर जे रकाने रिकामे राहतील, त्यांचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न उरतो. येथे पालकांना बहुधा माहीत नसलेली एक तरतूद सांगणे अगत्याचे आहे. १९४७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने प्रशिक्षण संस्थांसाठी जी मानके घालून दिली, त्यांत विद्यार्थ्यांच्या आरोग्यसेवेचा स्वतंत्र उल्लेख आहे. दरवर्षी वैद्यकीय तपासणी, धनुर्वात, ब कावीळ व आवश्यक वाटतील अशा अन्य संसर्गजन्य रोगांवरील लसीकरण, आजारपणात मोफत उपचार किंवा आरोग्य विमा आणि प्रत्येक विद्यार्थ्याची आरोग्यविषयक नोंद, या सोयी संस्थेत असाव्यात असे त्यांत म्हटले आहे. परिषदेच्या जागी आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. परंतु नियमन करणारे मंडळ कोणतेही असो, लसीकरणाची व्यवस्था हे संस्थेच्या कर्तव्यांपैकी एक आहे, हा त्यामागील विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याचा अर्थ प्रत्येक संस्था प्रत्येक लस फुकट देईलच, असा नव्हे. मानकांत व्यवस्थेचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात काही संस्था ती स्वखर्चाने करतात, काही वैद्यकीय शुल्क म्हणून आधीच रक्कम घेतात, तर काही विद्यार्थिनीस बाहेरून लस घेऊन येण्यास सांगतात. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच पालकांनी कार्यालयात नम्रपणे, परंतु स्पष्टपणे विचारावे, की भरलेल्या शुल्कात वैद्यकीय शुल्क आहे काय, असल्यास त्यात कोणत्या लसी येतात, आणि उरलेल्या लसी संस्थेमार्फत घेतल्या तर दर काय पडेल. संस्था एकत्रित खरेदी करते तेव्हा लस एकट्यादुकट्याने घेतल्यापेक्षा स्वस्त पडते. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. एकदा शुल्कात पैसे भरून पुन्हा दवाखान्यातही तेच पैसे मोजल्याची उदाहरणे केवळ न विचारल्यामुळे घडतात.

आणखी एक मार्ग आहे. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र शासनाने विषाणूजन्य कावीळीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. रुग्णांच्या रक्ताशी संबंध येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ब कावीळीवरील लस देण्याची तरतूद या कार्यक्रमात आहे. शासकीय इस्पितळात प्रात्यक्षिकासाठी जाणाऱ्या विद्यार्थिनींना तिचा लाभ देता येईल काय, याची विचारणा प्राचार्यांनी इस्पितळाच्या अधीक्षकांकडे करावी. एकेका पालकाने खिडकीपाशी उभे राहून विचारण्यापेक्षा संस्थेचे पत्र अधिक उपयोगी पडते.

पैशाची सोय उशिराही होऊ शकते. वेळेची होत नाही. ब कावीळीच्या लसीची दुसरी मात्रा पहिलीनंतर एक महिन्याने व तिसरी सहा महिन्यांनी घ्यावयाची असते. कांजिण्यांच्या दोन मात्रांत निदान चार आठवड्यांचे अंतर लागते. गोवर-रुबेला व कांजिण्या या दोन्ही लसी जिवंत विषाणूंपासून बनविलेल्या असल्यामुळे त्या एकाच दिवशी तरी घ्याव्यात, नाही तर त्यांच्यात चार आठवडे जाऊ द्यावेत. गर्भवतीस त्या देत नाहीत. निकालानंतर धावपळ सुरू केली, तर वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी ब कावीळीची मालिका पूर्ण होणे शक्यच नसते. म्हणून बारावीत असताना, परिचारिका होण्याचा विचार मनात पक्का झाला की दिवाळीच्या सुमारास पहिली मात्रा घेतलेली उत्तम. उच्च माध्यमिक विद्यालयांतील शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थिनींच्या कानावर घालावी.

तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ताची एक चाचणी करून शरीरात संरक्षक द्रव्ये पुरेशी निर्माण झाली किंवा कसे, हे पाहता येते. दर मिलिलिटरमागे दहा मिलि-एकके वा त्याहून अधिक प्रमाण आढळले, की संरक्षण लाभले असे मानतात. ही चाचणी अनेकदा लसीच्या एका मात्रेहून महाग असते; तरीही जिला उभे आयुष्य रुग्णांच्या सान्निध्यात काढावयाचे आहे, तिने ती एकदा तरी करावी. निरोगी प्रौढांतही शंभरांपैकी पाच ते दहा जणांना तीन मात्रांनी संरक्षण मिळत नाही व त्यांना मालिका पुन्हा द्यावी लागते. लस न घेता सुई टोचली, तर धावतपळत, शक्यतो चोवीस तासांच्या आत, जे तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन घ्यावे लागते, त्याची किंमत तीनही मात्रांच्या एकत्रित किमतीच्या कितीतरी पट असते. लस न टोचता मिळविलेला दाखला अशा प्रसंगी अधिकच घातक ठरतो, कारण कागदावरील नोंदीवर विसंबून डॉक्टर ते इंजेक्शन देण्याचे टाळतात.

एक बारीकशी अडचण मात्र दरवर्षी उद्भवते. पहिली मात्रा वाळपईच्या आरोग्य केंद्रात घेतलेली, आणि तिसरीची तारीख येते तेव्हा मुलगी बांबोळीस किंवा मडगावास वसतिगृहात असते. कार्ड घरी राहते, तारीख विसरली जाते आणि मालिका अपुरी पडते. यास्तव मूळ कार्ड मुलीच्या सामानात द्यावे, त्याची एक छायाप्रत घरी ठेवावी, दुसरी संस्थेच्या कार्यालयात देऊन आरोग्य नोंदवहीत तिसऱ्या मात्रेची तारीख लिहून घ्यावी. गोव्यातील अनेक परिचारिका पुढे नोकरीसाठी परदेशी जातात आणि तेथील इस्पितळेही रुजू होण्यापूर्वी हीच नोंद मागतात. तेव्हा त्या कार्डावर लसीचे नाव, मात्रेचा क्रमांक, तारीख व केंद्राचा शिक्का सुवाच्य आहे ना, हे टोचून घेतल्याबरोबर, केंद्राची खिडकी सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे.