गाडी थांबली, पंखा थांबेना!

बाजारातून आलात, गाडी दारात लावली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली. भाजी निवडून झाली, चहा झाला, तरी बाहेर बॉनेटखाली पंखा आपला घरघरतोच आहे! अशा वेळी बहुतेकींच्या मनात एकच येतं, ‘हा आधी बंद कसा करायचा?’ पण मैत्रिणींनो, खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. इंजिन खरोखर तापलंय म्हणून पंखा फिरतोय, की इंजिन गार असूनही त्याला चुकीचा निरोप जातोय? याचं उत्तर घरच्या घरी काढता येतं, आणि ते घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर निम्मं काम झालेलं असतं.

पूर्वीच्या अँबॅसिडर, पद्मिनी गाड्यांत ही भानगडच नव्हती. पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन बंद की पंखाही बंद. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, म्हणून पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर आली. आज बहुतेक सगळ्या लहान गाड्यांत तशीच असते. इंजिनाभोवती खेळणारं पाणी, म्हणजे कूलंट, तापलं की सेन्सर निरोप देतो. मग रिले नावाची काडेपेटीहूनही लहान डबी पंख्याला बॅटरीचा करंट जोडून देते आणि पाणी निवलं की तोडते. इस्त्रीचा दिवा लागतो-विझतो ना, तसंच.

घाबरायचं केव्हा नाही?

एसी लावलेला असेल तर पंखा फिरणारच. भर उन्हात प्रवास करून आल्यावर किल्ली काढल्यानंतरही काही गाड्यांत पाच-दहा मिनिटं फिरतो. तो इंजिन निववत असतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची जाळी असते. तिच्यातली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळून टाकते. ते काम अर्धवट असताना गाडी बंद केली, तरी पंखा थोडा वेळ चालतो. मात्र पंधरा-वीस मिनिटं उलटूनही आवाज थांबत नसेल, तर लक्ष घालायला हवं. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते आणि पंखा दहाएक अँपिअर ओढतो. म्हणजे तीन-चार तासांत बॅटरी बसली आणि सकाळी मुलांची शाळा चुकली!

आधी काटा पाहा

गाडी चालू असतानाच तापमानाच्या काट्याकडे नजर टाकायची सवय लावून घ्या. हल्ली बऱ्याच गाड्यांत काटा नसतो. इंजिन गार असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल दिवा लागतो. काटा वर चढलेला असेल किंवा लाल दिवा लागला असेल, तर पंखा आपलं काम इमानाने करतोय. त्याला मुळीच बंद करू नका. गाडी कडेला घ्या, एसी आणि इंजिन बंद करा आणि थांबा.

आपल्याकडे इंजिन तापायला कारणंही आपल्याकडचीच. हंगामात बारामतीहून भवानीनगर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाताना उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगावं लागतं. वेग नाही, म्हणजे समोरून वारा नाही. सगळी भिस्त पंख्यावर. त्यातच उडणारं पाचट, धूळ आणि किडे रेडिएटरच्या जाळीत अडकतात. तुंबलेल्या जाळीतून वाराच जात नाही, मग पंखा कितीही फिरला तरी पाणी निवेल कसं? दुसरं कारण बोअरच्या पाण्याचं. जड पाणी तापवून तापवून पातेल्याला पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तेव्हा गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंटच घाला. अडीअडचणीला साधं पाणी घातलंच, तर नंतर ते बदलून घ्या.

सकाळची परीक्षा

काटा ठीक आहे आणि पंखा मात्र थांबत नाही, असं असेल तर इंजिन गार होऊ द्या. मग किल्ली बंद असताना बॉनेटखालच्या फ्यूजच्या पेटीतून पंख्याचा रिले काढून ठेवा. कोणता रिले कशाचा, याचं चित्र बहुधा पेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. बॅटरी वाचली, आता निवांत झोपा. पण एक करा. काढलेला रिले छोट्या पिशवीत घालून किल्लीच्या जुडग्यालाच बांधा. म्हणजे घाईत कुणी तो न बसवता गाडी घेऊन जाणार नाही. पंख्याविना चार-सहा किलोमीटरही इंजिनाला महागात पडू शकतात.

सकाळी, इंजिन पार गार असताना, एसी बंद ठेवून रिले परत बसवा आणि काय होतं ते पाहा.

पहिली शक्यता : किल्ली लावलेली नसतानाच पंखा सुरू झाला. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं, तसे रिलेचे आतले पॉइंट चिकटले असण्याचा संभव आहे. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो. नंबर जुळत असेल तरच तो घालून बघा. पंखा थांबला, तर रोग सापडला! नवा रिले काही शे रुपयांत येतो. रिले काढूनही पंखा फिरतच असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे.

दुसरी शक्यता : किल्ली फिरवताक्षणी गार इंजिनावरच पंखा सुरू झाला. म्हणजे चुकीचा निरोप जातोय. सेन्सर बिघडला किंवा त्याची पिन निघाली, की गाडीतला कॉम्प्युटर ‘इंजिन जळण्यापेक्षा पंखा चालू बरा’ असं धरून चालतो. बहुधा इंजिनाचा पिवळा दिवाही लागतो. हे काम ऑटो-इलेक्ट्रिशियनचं.

तिसरी शक्यता : सकाळी पंखा गप्प राहिला, इंजिन तापल्यावर सुरू झाला आणि मग थांबलाच नाही. इथे विजेचा दोष कमी संभवतो. कूलंट कमी असेल, जाळी तुंबली असेल किंवा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह अडकला असेल.

‘डायरेक्ट’ नको!

गॅरेजमध्ये एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “वहिनी, पंखा डायरेक्ट करून देतो, झंझटच नको.” म्हणजे सेन्सर आणि रिले वगळून पंख्याला थेट करंट. किल्ली लावली की पंखा चालू. त्या दिवशी काम स्वस्तात होतं, पण मोटर लवकर झिजते आणि मूळ दोष तसाच राहतो. ‘थर्मोस्टॅटही काढून टाकू’ म्हणाले, तर इंजिन हवं तेवढं तापतच नाही आणि पेट्रोल जास्त जाळतं. अशा वेळी न संकोचता सांगा, “दादा, सकाळी गार इंजिनावर रिले बसवला तर पंखा लगेच सुरू होतो. आधी रिले बघा, मग सेन्सर.” गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून गप्प बसू नका. तुम्ही नीट पाहिलेलं असतं, आणि चांगल्या मिस्त्रीला तेच हवं असतं.

पदर सांभाळा

बॉनेट उघडताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, गळ्यातलं आत घ्या, केस बांधा. थांबलेला पंखाही किल्ली नसताना अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून त्याच्या पात्यांजवळ बोट नेऊ नका. मुलांना लांब ठेवा. आणि रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं झाकण! आत दाब असताना ते उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. निदान तासभर जाऊ द्या. वरची नळी हाताला गार लागली, तरच जाड फडक्याने झाकण हळूहळू फिरवा.

दर महिन्याला, इंजिन गार असताना, बाटलीतल्या कूलंटची पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे ना ते पाहा. उसाचा हंगाम सरला की रेडिएटरची जाळी हलक्या पाण्याने धुऊन घ्या. जोराच्या फवाऱ्याने तिचे नाजूक पत्रे वाकतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण वैशाखातल्या उन्हात लेकराबाळांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायची वेळ त्याने टळते.