फुकटचे वायफाय आणि दुकानदाराची वही

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पेढी मांडून बसलेल्या व्यापाऱ्याला पूर्वी गिऱ्हाइकाची पारख डोळ्यांनीच करावी लागे. कोण नुसता भाव विचारून जाणार, कोणाच्या घरी लग्न निघाले आहे, कोणाचा कापूस विकला गेला आहे, हे त्याला बसल्या जागी कळे आणि उरलेले उधारीच्या वहीत सापडे. परंतु ही ओळख दुहेरी होती. तो आमची ऐपत ओळखून असे, तसे आम्हीही त्याचे मापकाटे ओळखून असू. आता ही पारख मोठमोठ्या दुकानांतून छताला लावलेल्या एका पांढऱ्या डबीकडे जाऊ लागली आहे. तिची वही गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून ती कशी लिहिली जाते ते पाहू.

तुमच्या खिशातल्या फोनचे वायफाय चालू असले, की तो स्वस्थ बसत नाही. ठरावीक वेळाने तो हाक मारतो : ओळखीचे कोणी आहे काय? या हाकेबरोबर एक क्रमांक जातो. प्रत्येक यंत्राला कारखान्यात बारा अक्षर-अंकांचा असा क्रमांक दिलेला असतो व त्याचा पहिला अर्धा भाग सामान्यतः यंत्र बनविणाऱ्याची ओळख सांगतो. डबी तो क्रमांक, वेळ आणि हाकेचा जोर टिपून ठेवते. जोर जास्त तर माणूस जवळ, कमी तर लांब. अशा तीन डब्या असल्या, म्हणजे माणूस साड्यांच्या कप्प्यापाशी उभा आहे की भांड्यांच्या, याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी तुम्ही त्या वायफायला जोडले जाण्याचीही गरज नाही.

एवढ्यावरून व्यापाऱ्याला पुष्कळ कळते. दारावरून किती गेले, आत किती आले, किती वेळ रेंगाळले, महिन्याभरात परत कितीजण आले. आत आलेल्यांची संख्या आणि फाडलेल्या पावत्या यांची तुलना केली, की शंभरांतले किती हात हलवीत परतले हेही निघते. यात वावगे काय, असे कोणी विचारील. नुसती माणसे मोजण्यात फारसे वावगे नाही, हे आम्हीही मान्य करतो.

फोन बनविणाऱ्यांनी यावर एक तोड काढली. २०१४ सालापासून ॲपलच्या व पुढे अँड्रॉइडच्या फोनांनी हाक मारताना खरा क्रमांक लपवून बनावट क्रमांक देण्यास सुरुवात केली. त्यामुळे नुसत्या हाकांवरून माणूस ओळखणे अवघड झाले. मग व्यापाऱ्याला हवे असते ते एवढेच, की तुम्ही आपण होऊन जोडले जावे. 'येथे वायफाय मोफत' ही पाटी येते ती अशी.

जोडताना मोबाइल नंबर मागतात, त्यावर आलेला ओटीपी भरावा लागतो. सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवावी, हा दंडक दूरसंचार खात्याने २००९ साली सुरक्षेसाठी घातला. हेतू पोलीस तपासाचा. पण एकदा नंबर हाती आला, की तोच जाहिरातीच्या वहीत चढण्याचा मोह होतो. पावती करतानाही आपण तोच नंबर सांगतो. दोन्ही वह्या जुळल्या, की हाक मारणारे अनोळखी यंत्र नाहीसे होऊन तेथे नावागावाचा माणूस उभा राहतो. दिवाळीच्या तोंडावर 'खास आपल्यासाठी' म्हणून येणाऱ्या संदेशाचे मूळ पुष्कळदा येथे असते.

रेल्वे स्थानकांवर हे वायफाय सरकारी रेलटेल कंपनीने गूगलच्या साहाय्याने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू केले. २०२० साली गूगलने अंग काढून घेण्याचे जाहीर केले, तरी रेलटेलने काम चालू ठेवले आणि ते देशातील सहा हजारांवर स्थानकांत पोचले. ही सोय गरिबाच्या मुलाला उपयोगी पडली, हे आम्ही आनंदाने सांगतो. परंतु वही सरकारी असली म्हणजे ती विकाऊ नसते, असे मात्र समजू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न कसे काढावे, हे सांगणारा सल्लागार नेमण्यासाठी निविदा काढली होती. ओरड झाली आणि त्याच महिन्यात ती मागे घ्यावी लागली.

लंडन शहरात दोन्ही तऱ्हा घडल्या. २०१३ साली तेथील रस्त्यावरच्या कचरापेट्याच जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फोनांचे क्रमांक टिपीत असल्याचे उघड झाले, तेव्हा नगरसंस्थेने ते बंद करावयास लावले. उलट २०१६ च्या अखेरीस तेथील भुयारी रेल्वेने चोपन्न स्थानकांवर पाट्या लावून, चार आठवडे असाच अभ्यास केला. एका स्थानकाहून दुसऱ्याला लोक अठरा निरनिराळ्या मार्गांनी जातात, हे त्यातून कळले. गर्दीचे नियोजन करणाऱ्यास ही माहिती मोलाची आहे. दोन्हीकडे यंत्र जवळजवळ तेच. एकीकडे सांगून, दुसरीकडे न सांगता, इतकाच काय तो फरक, पण तो लहान नव्हे.

आता आमच्या धंद्याचा प्रश्न. जळगाव स्टेशनजवळ जेथे खानदेश मिलचा भोंगा वाजे, त्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे. मिलमधल्या कामगाराला हजेरीपट दिसत असे. खाडा चुकीचा मांडला, तर मुकादमाशी भांडता येई. दुकानातल्या विक्रेत्या मुलीला ही सोय नाही. आठ-दहा तास एकाच जागी दिसणारा फोन नोकराचा, हे यंत्राला चटकन कळते. गिऱ्हाइकांच्या मोजणीतून तो वगळावाच लागतो. पण वगळलेली नोंद फाडून टाकली जाते असे थोडेच आहे? ती किती वेळ काउंटर सोडून गेली, हे त्याच नोंदीतून निघू शकते. शिवाय 'शंभर आले, बाराच पावत्या का?' हा जाब तिलाच विचारला जातो. माल महाग होता की पंखा बंद होता, हे वायफाय सांगत नाही.

कायदा आहे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधने मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. माहिती कशासाठी घेतो हे सांगावे, संमती मोकळेपणाने घ्यावी, दिली तितक्याच सहज ती परत घेता यावी, असे त्यात आहे. ही सूचना आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मागता येते, अर्थात मराठीतही. काउंटरवर ती मराठीत मागण्याची सवय आपण आतापासूनच लावून घ्यावी.

परंतु त्याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा ठेवली आहे. गिऱ्हाइकाला 'नको' म्हणता येईल, विक्रेतीला बहुधा नाही. म्हणून दुकान-कर्मचाऱ्यांशी करार करताना आम्ही आता पगार, सुट्टी यांच्या जोडीला आणखी एक कलम घालावयास सांगतो : छतावरच्या डबीतली नोंद शिक्षेसाठी वापरावयाची असेल, तर ती आधी कामगाराला दाखविली पाहिजे. मालक मंडळी या कलमावर पगारवाढीपेक्षाही जास्त वेळ घासाघीस करतात.