मनगटावरचे ठोके

फिटनेस बँड हृदयाचे ठोके ऐकत नाही, तो रक्त पाहतो. त्याच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. या चढउतारावरून आकडा काढला जातो. छातीचा पट्टा मात्र हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, म्हणून व्यायामात तो अधिक भरवशाचा.

स्वस्थ बसलेल्या माणसाचा आकडा बँड बहुधा बरोबर देतो. गडबड होते ती हात हलू लागल्यावर. धावताना मिनिटाला 160-170 पावलं पडतात आणि त्याच लयीत हात झुलतात. कधी बँड या लयीलाच नाडी समजतो. मग रमतगमत धावणाऱ्याचे ठोकेही 165 दिसतात! डंबेल्स उचलताना मनगट वाकतं, मूठ आवळली जाते, तेव्हाही आकडा भरकटतो. थंडीत आखडलेल्या रक्तवाहिन्या, मनगटावरचं गडद गोंदण, सैल पट्टा यांचीही त्यात भर पडते.

पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न काचणारा बांधावा. शंका आली तर थांबून नाडी 30 सेकंद मोजावी आणि दुप्पट करावी. जळलेल्या कॅलरींचा आकडा तर मुळीच मनावर घेऊ नये. स्टॅनफर्डच्या 2017 मधल्या चाचणीत सातपैकी सहा उपकरणांची ठोक्यांतली चूक 5 टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं.