बायकोची सही

पेडण्यात किंवा डिचोलीत वकिलाकडे कुणी जमिनीचं काम घेऊन गेलं, की कागद उलगडण्याआधी प्रश्न येतो, "लग्न झालंय?" मुंबईत वाढलेल्या पेडणेकराला तो भोचक वाटतो. वडिलांच्या वाट्याचं नारळाचं भाट विकायचं आहे, जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा हातात आहे, गिऱ्हाईक ठरलेलं आहे. यात लग्न कुठून आलं? वकील शांतपणे सांगतो, "बायकोची सही लागेल." मग पुढचे प्रश्न : भाऊ किती, बहिणी किती, त्यांची लग्नं झाली का, जावई कुठे असतात? अर्ध्या तासात कागदावर तीन-चार पिढ्यांची वंशावळ उभी राहते. भाट विकायला आलेल्या माणसाला तेव्हा कळतं, की त्यात आपल्या एकट्याचं असं फार थोडं आहे.

गोव्यातल्या तालुक्याच्या वकिलाचं आयुष्य समजून घ्यायचं, तर या वंशावळीपासून सुरुवात करावी. चांगला वकील घरच्यासारखा असतो, असं आपण कौतुकाने म्हणतो. इथे तो घरचा झाल्याशिवाय त्याचं कामच पुढे सरकत नाही.

अर्धं तिचं

पेडणे आणि डिचोली या 'नव्या काबिजादी'. सावंतवाडीकर भोसल्यांकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळे इथल्या जुन्या घरांतल्या पेटाऱ्यांत मोडी कागदही सापडतात आणि पोर्तुगीज दस्तही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. हिंदूंच्या काही रूढींना १८८० च्या हुकमाने वेगळी जागा मिळाली. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, तरी कुटुंबाचा कायदा राहिला. भाषा मात्र बदलली. नव्या पिढीच्या वकिलांना पोर्तुगीज येईना, तेव्हा ज्येष्ठ विधिज्ञ मनोहर उसगावकर यांच्यासारख्यांनी हे कौटुंबिक कायदे इंग्रजीत आणून त्यांवर भाष्य केलं.

या कायद्याचा गाभा साधा आहे. लग्नाआधी नोंदणीकृत करार करून वेगळं काही ठरवलं नसेल, तर विवाहाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. वारशाने आलेलं भाटही त्यातच. शिवाय मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि मुलांचा निम्मा हक्क मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. समजा, जोडप्याची एकूण मालमत्ता ४० लाखांची आहे. त्यातले २० लाख बायकोचे. उरलेल्या २० लाखांपैकी १० लाख मुलांसाठी राखीव. नवऱ्याला मृत्युपत्राने मर्जीप्रमाणे देता येतात ते फक्त १० लाख. "सगळं थोरल्याच्या नावावर करा," असं सांगत आलेल्या वडिलांना हा हिशेब समजावणं, हे तालुक्याच्या वकिलाचं जुनंच काम. मग वडील पळवाट सुचवतात, "थोरल्याला विकतो म्हणून दाखवू." तीही अडते. आईवडिलांनी एका मुलाला विकायचं, तर बाकीच्या मुलांची संमती लागते.

पाच भावंडं, दहा सह्या

भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता गोव्यात लागू झाली ती १९६६ मध्ये. वारसांमधली वाटणी मात्र त्यानंतरही कित्येक दशकं १९३९ च्या पोर्तुगीज प्रक्रिया संहितेनुसार होत राहिली. त्या प्रकरणाला इथे सगळे 'इन्व्हेंटरी' म्हणतात. २०१२ चा गोवा वारसा कायदा २०१६ मध्ये अंमलात आला आणि ही पद्धत गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आली.

इन्व्हेंटरीत कुटुंबातलं एक माणूस प्रमुख म्हणून शपथेवर सांगतं, की कोण वारलं, वारस कोण, मालमत्ता काय. यादी होते, मूल्य ठरतं, आणि वाद राहिला तर वारसांमध्येच बोली लागते. ज्याची बोली जास्त, त्याच्याकडे घर किंवा भाट जातं. इतरांना हिस्सा पैशांत मिळतो. प्रत्येक विवाहित वारसाबरोबर त्याचा जोडीदारही पक्षकार असतो. पाच भावंडांच्या वाटणीत म्हणून दहा माणसं, दहा सह्या आणि दहा रुसवे-फुगवे. त्यात कुणी दुबईला, कुणी लिस्बनला, कुणी गिरगावात. तालुक्याच्या वकिलाची खरी परीक्षा बोलीच्या दिवशी होते. ज्या घराच्या सोप्यावर सगळे वाढले, त्यावर भावाने भावाविरुद्ध आकडा पुकारायचा असतो. आकडा पुकारला जाण्याआधी त्यांना एकत्र बसवून समेट घडवला, तर वकिलाची फी कमी होते, पण चतुर्थीला त्या घरात गणपती एकच राहतो.

हे दोन्ही तालुके सीमेवरचे. पेडणेकराचं घर पत्रादेवीच्या अलीकडे आणि शेत पलीकडे बांद्याला, असं असू शकतं. डिचोलीवाल्यांचे सोयरे दोडामार्गात असतात. मग पलीकडच्या शेताला कायदा कुठला? सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात याचं उत्तर दिलं. गोवेकराच्या वारशाला गोव्याची संहिताच लागू, मालमत्ता भारतात कुठेही असो. वाद होता मुंबईतल्या मालमत्तेचा, पण त्या निकालाचे पडसाद तेरेखोलच्या दोन्ही काठांवर उमटले.

"भाऊ वारले त्याच्या आधी की नंतर?"

साक्षीच्या पिंजऱ्यात म्हातारा साक्षीदार कोकणीत सांगतो, "आमी पयलीसावन हांगाच." पयलीसावन म्हणजे पूर्वीपासून. नोंद होते ती इंग्रजीत, आणि 'पूर्वीपासून' हे काही साल नव्हे. म्हणून उलटतपासणीत जाणता वकील साल विचारतच नाही. तो विचारतो, "भाऊ वारले त्याच्या आधी की नंतर?" भाऊ म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर. ते १२ ऑगस्ट १९७३ ला गेले, तो दिवस त्या पिढीतलं कुणी विसरलेलं नाही. त्याहून मागे जायचं तर पेडण्यात गोवामुक्तीसाठीचा पत्रादेवीचा सत्याग्रह आहे, १५ ऑगस्ट १९५५ चा. तुळशी वृंदावन केव्हा बांधलं, विहीर कुणी खणली, मेरेवरचा फणस कुणी लावला, घरात पहिलं बाळंतपण कुणाचं झालं, अशा धाग्यांनी साल विणून काढावं लागतं. हे प्रश्न सुचायला कायद्याच्या पुस्तकाइतकंच गाव वाचलेलं असावं लागतं.

आणि गाव तर पदोपदी फायलीत येतं. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्याच्या घराला संरक्षण दिलं. पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९७६ ला, कसणाऱ्या कुळांसाठी जमिनीची मालकी आली. यातली बरीच प्रकरणं मामलेदाराच्या कार्यालयात चालली, म्हणून वकिलाची निम्मी हयात न्यायालय आणि मामलेदार यांच्यामधल्या रस्त्यावर गेली. देवस्थानांचा कारभारही १९३३ च्या नियमांखाली, आणि प्रशासक पुन्हा मामलेदारच. महाजनकी कुणाची, पालखीचा मान कुणाचा, यावरून झालेला तंटा मिटवणारा वकील रात्री पेडण्याच्या पुनवेला किंवा शिरगावच्या लईराईच्या जत्रेत त्याच दोन्ही पक्षांबरोबर उभा असतो. गावात त्याला दुसरी रांग नसते.

डिचोली तालुक्यातल्या मयेची गोष्ट तर अख्ख्या गावाची. इथली मोठी जमीन पोर्तुगीज काउंट घराण्याची. मुक्तीनंतर मालक गोव्याबाहेरच राहिले, तेव्हा १९६४ च्या कायद्याने ती निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. लोक तिथेच राहत होते, शेती करत होते, पण स्वतःच्या घराची भिंत बांधायलाही त्यांच्या नावावर कागद नव्हता. २०१४ मध्ये विधानसभेने कायदा करून ही मालकी संपवली, तेव्हा कुठे सनदांची वाट मोकळी झाली. सनद कुणाच्या नावावर? इथेही अर्जाला वंशावळ जोडावी लागते.

तिकडे पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळासाठी जमिनी संपादित झाल्या. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं. भरपाई वाढवून मागायची तर काजूची झाडं, त्यांचं उत्पन्न, बागेतलं पाणी सगळं पुराव्याने सिद्ध करावं लागतं. आणि मिळालेली रक्कम वाटताना पुन्हा तोच पहिला प्रश्न, "लग्न झालंय?"

मांद्र्याहून दिल्लीला

पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे वकील रमाकांत खलप १९९६ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात कायदा राज्यमंत्री झाले. संसदेत व विधानसभांत महिलांना एकतृतीयांश जागा राखून ठेवणारं विधेयक १२ सप्टेंबर १९९६ ला पहिल्यांदा लोकसभेत मांडलं गेलं, ते त्यांच्या हातून. जिथे अर्ध्या वाट्याची गोष्ट तेव्हाच सव्वाशे वर्षं कायद्यात होती, त्या मातीतल्या वकिलाने एकतृतीयांशाची मागणी दिल्लीत मांडावी, हा योगायोग विलक्षणच. तो कायदा व्हायला पुढे २०२३ उजाडलं.

अर्धा वाटा कायद्यात असणं आणि तो पदरात पडणं यांत मात्र अंतर आहे. दस्त नोंदवायच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात किती बायका नुसत्या सहीपुरत्या येतात! नवऱ्याने गाडीतून आणलेलं असतं, कुठे सही करायची ते बोटाने दाखवलेलं असतं. नवऱ्याला घाई असते, गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत असतं. तालुक्याचा जुना, मुरलेला वकील अशा वेळी पेन आपल्या हातात ठेवतो. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, रक्कम, तिचा वाटा, सगळं तो कोकणीत तिला वाचून दाखवतो. मग विचारतो, "बाये, समजलें?"

ती मान हलवते. कधीकधी ती काही विचारतेही, आणि त्या दिवशी दस्त नोंदवला जात नाही.