एकाच पातेल्यातले आंबटगोड कोफ्ते

रमजानचा पहिला आठवडा सरला की घरोघरी इफ्तारचा बेत ठरून जातो. खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी, समोसे, चनाचाट आणि लाल सरबत. मगरिबची अजान झाली की हात पुढे होतात आणि साधारण तेरा तास रिकाम्या असलेल्या पोटात पहिल्या दहा मिनिटांत जे जातं, त्यात साखर, मैदा आणि तेल यांचाच भरणा जास्त असतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारणाऱ्यांसाठी तयार झाली असेल, पण रोजा सोडणाऱ्या आमच्यासारख्यांनाही ती नेमकी लागू पडते.

धडधाकट माणसाला हे चार दिवस चालून जातं. ज्याला ‘साखर’ आहे, त्याचं काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे गल्लीत असं घर शोधावं लागत नाही. ऊस पिकवणाऱ्या, साखर कारखान्यानं नाव कमावलेल्या आपल्या तालुक्यात तर साखर हा शब्द पिकासाठी आणि आजारासाठी सारख्याच सहजतेनं वापरला जातो.

अशा घरात इफ्तारच्या वेळी एक दृश्य हमखास दिसतं. दस्तरखान पसरलेला असतो. दस्तरखान म्हणजे जेवणासाठी अंथरलेलं कापड, ज्याभोवती सगळे एकत्र बसतात. सगळ्यांसमोर भरल्या ताटल्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर वेगळी वाटी. त्यात उकडलेले मूग, काकडी, फार तर एक अंडं.

“अम्मी, तुमच्यासाठी वेगळं काढलंय.”

“ठेव बेटा तिथंच. आधी सगळ्यांबरोबर दोन घास घेते.”

ते दोन घास म्हणजे दोन भजी, अर्धा समोसा आणि नातवाच्या ग्लासातलं सरबत. सुनेचं चुकत नाही, ती डॉक्टरांनी सांगितलं तेच करते. अम्मींचंही चुकत नाही. महिनाभर रोज संध्याकाळी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वेगळं जेवायला कुणाला आवडेल? जे पथ्य माणसाला पंगतीबाहेर बसवतं, ते फार दिवस टिकत नाही. म्हणून रुग्णासाठी वेगळी वाटी करण्याऐवजी सगळ्यांचं पातेलंच थोडं बदलावं, असं मला वाटतं. त्यासाठी कोफ्त्यांसारखा दुसरा पदार्थ नाही.

कोफ्ता हा शब्द फारसीतून आला. मूळ क्रियापदाचा अर्थ कुटणं. मांस कुटून, मसाला घालून त्याचे गोळे वळायचे, इतका साधा हा पदार्थ आहे. त्याला आंबटगोड रस्सा देण्याची चालही जुनी. मुहम्मद अल-बगदादी यांनी १२२६ मध्ये बगदादमध्ये लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तकात मांसाच्या गोळ्यांचे प्रकार आहेत, आणि सिरका व गोडवा एकत्र आणणारं मांसाचं सालनही आहे. इराणात अक्रोड आणि डाळिंबाच्या घट्ट रसात कोफ्ते शिजवतात. सीरियातल्या हलब शहरात ते आंबट चेरीच्या रसात मिळतात. स्वीडनची तर ओळखच कोफ्ते आहेत, आणि त्यांच्या ताटातही शेजारी आंबटगोड बेरीचा मुरंबा असतो. आपल्याकडे चिंचगुळाची आमटी आणि अळूची पातळ भाजी खाऊन वाढलेल्या जिभेला ही चव परकी नाही. त्यामुळे दख्खनी घरांत कोफ्त्यांच्या सालनात चिंच आणि गूळ पडला, यात नवल कसलं?

अडचण आहे ती इथेच. नेहमीच्या कोफ्त्यांत पिष्ट आणि साखर तीन वाटांनी येते. खिमा बांधला जावा म्हणून डाळ्यांचं पीठ किंवा ब्रेड, रस्सा दाट व्हावा म्हणून भरपूर कांदा, आणि चवीला चिंचगूळ. अर्ध्या किलो खिम्याला ६० ग्रॅम डाळ्याचं पीठ, ५० ग्रॅम गूळ आणि ३० ग्रॅम चिंच धरली, तर या तीन जिनसांतूनच १०० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. खुद्द मटणात ती जवळजवळ नसतातच. म्हणजे दोष मटणाचा नाही, त्याच्या सोबत्यांचा.

मग डाळ्याचं पीठ काढून टाकलं तर कोफ्ते फुटणार नाहीत का? नाही फुटत, पण खिमा नीट मळावा लागतो. मांसातली काही प्रथिनं मिठात विरघळून चिकट होतात. मीठ घालून खिमा चार-पाच मिनिटं कणकेसारखा मळला की तो तळहाताला धरू लागतो, आणि हीच त्याची खरी बांधणी. दोन गोष्टी मात्र ही बांधणी मोडतात. एक, पाणी सोडणारा कच्चा कांदा. तो किसून घट्ट पिळूनच घालायचा. दुसरी, उष्णता. मळलेला खिमा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला की त्यातली चरबी घट्ट होते आणि गोळे आकार सोडत नाहीत.

गोडव्याचं काय? त्यासाठी गुळाकडे जायची गरज नाही, आपला शिवार पुरेसा आहे. संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटो भरपूर पिकतो, आणि पुण्याच्या वाटेवर नारायणगावला त्याचा मोठा बाजार भरतो. लालबुंद पिकलेला टोमॅटो मंद आचेवर आटवला की त्याचा अंगचा गोडवा वर येतो. १०० ग्रॅम टोमॅटोत कर्बोदकं असतात जेमतेम ४ ग्रॅम. दुसरं डाळिंब. तालुक्यातल्या कमी पाण्याच्या गावांनी ते जोपासलं. बाजारात सर्वाधिक दिसणारा भगवा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचाच. डाळिंबात साखर आहे, हे विसरायचं नाही. पण चौघांच्या सालनात तीन मोठे चमचे रस म्हणजे सगळी मिळून ६ ग्रॅमच्या आसपास साखर. तिसरी लाल ढोबळी मिरची, जी भाजली की गोड लागते. आंबटपणासाठी चिंचेऐवजी आमसूल. शिवाय दालचिनी आणि बडीशेप. त्यांच्या वासानं जिभेला गोडाचा भास होतो, साखरेचा कण न घालता.

मटणही आपलंच. पांढऱ्याशुभ्र अंगाची, लोंबत्या कानांची संगमनेरी शेळी ही दूध आणि मांस दोन्हींसाठी नावाजलेली जात आपल्या गावाच्या नावानं देशभर ओळखली जाते. राहुरीच्या विद्यापीठात तिच्या सुधारणेचं काम चालतं. मटणवाल्याला खांद्याचं मांस थोडी चरबी ठेवून दोनदा मशीनमधून काढायला सांगावं. अगदी सुका खिमा घेतला तर कोफ्ते कडक होतात.

चौघांसाठी साहित्य

कोफ्त्यांसाठी: मटणाचा खिमा ५०० ग्रॅम, १ अंडं, १ लहान कांदा (किसून, पिळून), आलं-लसूण वाटण १ मोठा चमचा, हिरव्या मिरच्या २, मूठभर कोथिंबीर-पुदिना, भाजून कुटलेले तीळ आणि खसखस मिळून २ मोठे चमचे, गरम मसाला अर्धा चमचा, मीठ १ चमचा.

सालनासाठी: पिकलेले टोमॅटो ५०० ग्रॅम, १ मध्यम कांदा, १ लाल ढोबळी मिरची, आमसुलं ४-५, डाळिंबाचा रस ३ मोठे चमचे, आलं-लसूण वाटण १ चमचा, दालचिनीचा बोटभर तुकडा, बडीशेप पूड पाव चमचा, जिरं, बेडगी मिरचीचं तिखट १ चमचा, तेल ३ मोठे चमचे, मीठ.

कृती

खिम्यात आधी फक्त मीठ घालून मळा. तो हाताला चिकटू लागला की बाकीचं सगळं घालून पुन्हा दोन मिनिटं मळा आणि झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग ओल्या हातानं लिंबाएवढे १६ गोळे वळा. ते तेलात बुडवून तळायचे नाहीत. घरातलं आप्पेपात्र काढा, प्रत्येक खळग्यात चार थेंब तेल सोडा आणि मध्यम आचेवर फिरवत चारी बाजूंनी तांबूस करा. आत ते कच्चे राहिले तरी चालेल, उरलेलं काम सालनात होईल. खळग्यात उतरलेला मांसाचा रस फेकू नका.

आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात भिजत घाला. ढोबळी मिरची गॅसवर काळी होईपर्यंत भाजून सोला आणि टोमॅटोबरोबर वाटून घ्या. तेलात जिरं आणि दालचिनी टाकून बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता. इथे घाई नको, कांद्याचा गोडवा इथेच तयार होतो. आलं-लसूण आणि तिखट घाला, मग टोमॅटोचं वाटण. तेल सुटेपर्यंत, साधारण १५ मिनिटं आटू द्या. मीठ, बडीशेप, एक वाटी गरम पाणी आणि बाजूला ठेवलेला रस घालून उकळी आली की कोफ्ते सोडा. झाकण ठेवून मंद आचेवर १५ ते १८ मिनिटं शिजवा. पहिली पाच मिनिटं चमचा लावू नका, पातेलंच धरून हलवा. एक कोफ्ता कापून पाहा, आत गुलाबी दिसता कामा नये.

आमसुलाचं पाणी शेवटी, चमच्याचमच्यानं घालायचं. आंबट एकदम पडलं की सगळा गोडवा झाकला जातो आणि हात गुळाकडे जातो. थोडं घाला, चाखा, मग आणखी. रोजा असणाऱ्यांनी चाखण्याचं काम घरातल्या लहानग्यावर सोपवावं, ती मुलं त्यासाठीच स्वयंपाकघरात घुटमळत असतात. गॅस बंद करून डाळिंबाचा रस ओता. वरून दाणे आणि पुदिना.

ढोबळ हिशेब केला तर चार कोफ्ते आणि सालन या एका वाढणीत १४-१५ ग्रॅम कर्बोदकं येतात. चिंचगूळ आणि डाळ्याच्या पिठाच्या वाढणीत तीच ३० ग्रॅमच्या आसपास जातात. पण सोबत काय खाल्लं, यावर पुढचं सगळं ठरतं. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणून आधी कोफ्ते आणि काकडी-मुळा, मग अर्धी किंवा एक भाकरी. प्रथिनं आणि भाजी आधी पोटात गेली की नंतरच्या भाकरीची साखर रक्तात हळू चढते. खजुराचंही तसंच. रोजा खजुरानं सोडणं ही सुन्नत आहे, ती सोडायला कुणी सांगत नाही. पण लहान खजुरात ५-६ ग्रॅम साखर असते आणि अंगठ्याएवढ्या मेदजूल खजुरात कर्बोदकं १८ ग्रॅमपर्यंत जातात. एक लहान खजूर घ्या आणि वर सरबताऐवजी पाणी.

आता थोडं गंभीर. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२,२४३ मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली होती. रमजानमध्ये रक्तातली साखर धोकादायकपणे खाली जाण्याचं प्रमाण पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ४.७ पट आणि दुसऱ्या प्रकारात ७.५ पट वाढल्याचं त्यात दिसलं. म्हणजे धोका साखर वाढण्याचाच नाही, उतरण्याचाही आहे. जेवणातली कर्बोदकं कमी केली आणि इन्सुलिन किंवा गोळ्या जुन्याच मापानं घेतल्या, तर साखर आणखी घसरू शकते. त्यामुळे ताट बदलण्याआधी डॉक्टरांना विचारून औषधाचं माप आणि वेळ ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मटण किती खायचं, हेही विचारा. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा, असं मधुमेह आणि रमजान यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कुरआननं तर आजाऱ्याला आधीच सवलत दिली आहे. बरं झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करावेत, आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्यानं गरजूला जेवू घालावं. ही सवलत घेणाऱ्याचा रमजान कमी प्रतीचा ठरत नाही. त्यालाही इफ्तारला दस्तरखानावर तीच जागा असते.

आणि शेजाऱ्यांचं? दिवाळीला फराळाचं ताट येतं, रमजानमध्ये आपलं ताट जातं. तिकडेही साखरेची माणसं आहेतच. शाकाहारी घरासाठी याच सालनात पनीरचे कोफ्ते होतात. ३०० ग्रॅम पनीर, किसून पिळलेली एक वाटी दुधी, अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचं कूट, आलं-मिरची आणि मीठ. मळून गोळे करा, आप्पेपात्रात खरपूस करा आणि वाढण्याआधी पाच मिनिटं सालनात सोडा. त्यासाठी भांडी मात्र मटणाची वापरू नका, आणि वेगळी वापरली आहेत हे ताट देताना सांगा. ज्याला विश्वासानं खायचं आहे, त्याला ते ऐकायला बरं वाटतं. चतुर्मासातल्या उपासांना थकलेल्या काकूंनाही साबुदाण्याऐवजी काय खावं हा प्रश्न पडतोच. कांदा-लसूण वगळून त्यांनी हे पातेलं आपल्या पद्धतीनं करून पाहावं.

रमजानचे अजून बरेच दिवस हातात आहेत. एखाद्या संध्याकाळी भज्यांची कढई चढवू नका. पातेलं मध्ये ठेवा, सगळ्यांना त्यातूनच वाढा, आणि अम्मींना सगळ्यात आधी.